चंची, पेला आणि उतारवय

व्यसनांचा इतिहास लिहिणाऱ्यांना म्हातारा माणूस सहसा दिसत नाही. त्यांच्या पानांवर दिसतो तो पगार गुत्त्यावर उडवणारा नवरा, नाही तर शहरात जाऊन बिघडलेला मुलगा. आजोबांची तंबाखू आणि आजीची मिश्री यांना आपण व्यसन म्हणतच नाही. 'लागते त्यांना' एवढे म्हणून मोकळे होतो. या दोन शब्दांमागे आमच्या कराड परिसरात चारशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यातील काही पाने येथे चाळावीत असा आमचा मानस आहे. आमचे म्हणणे असे की, हे पदार्थ वृद्धांच्या हाती केवळ त्यांच्या मनाच्या दुबळेपणामुळे आले नाहीत. औषध म्हणून, मान म्हणून, कामाची सोय म्हणून आणि सरतेशेवटी सोबत म्हणून ते समाजाने, सरकारने व घराने त्यांच्या हाती ठेवले. सोडवण्याची वेळ आली तेव्हा त्याच तिघांनी 'आता या वयात कशाला?' म्हणून पाठ फिरवली.

तंबाखूपासून आरंभ करू. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून दक्षिणेत आली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कराडचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता, आणि त्याच विजापुरात अकबराच्या असदबेग नावाच्या वकिलाला तंबाखू प्रथम भेटली. १६०४ च्या सुमारास त्याने ती नळीसह बादशहापुढे ठेवली. अकबराने चार झुरके घेतले आणि हकिमाने हरकत घेतली, असे खुद्द असदबेगनेच लिहून ठेवले आहे. त्या वेळी बादशहाने साठी ओलांडली होती. तंबाखूच्या हिंदुस्थानातील आरंभीच्याच प्रसंगात एक वृद्ध, एक भेट आणि एक वैद्य असे तिघेही हजर आहेत, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. पुढे कृष्णाकाठच्या जमिनीत हे पीक रुजले, दक्षिणेस निपाणीला त्याची मोठी पेठ उभी राहिली. १९४३ साली इंग्रज सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला आणि सरकारी तिजोरीलाही तिची गोडी लागली.

आपल्या ख्रिस्तसभेचा तंबाखूशी झगडा झाला, तो निराळ्याच कारणाने. सेव्हिलच्या ख्रिस्तमंदिरांत मिस्सा चालू असता धर्मगुरू आणि भाविक तपकीर ओढीत, थुंकत, शिंकत. तेथील धर्ममंडळाच्या तक्रारीवरून पोप आठवे उर्बन यांनी १६४२ साली त्या धर्मप्रांतातील देवळांत तंबाखूस बंदी केली, आणि मोडणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा सांगितली. १६५० साली दहावे इनोसंट यांनी रोमच्या संत पेत्राच्या मंदिरासाठी तसाच हुकूम काढला, आणि १७२५ साली तेरावे बेनेडिक्ट यांनी तो मागे घेतला. या सर्व खटाटोपात प्रश्न मंदिराच्या पावित्र्याचा होता, ओढणाऱ्याच्या प्रकृतीचा नव्हे. प्रकृतीचे कारण स्पष्ट पुढे करून व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्री बंद करण्याचा निर्णय पोप फ्रान्सिस यांनी घेतला तो २०१७ साली. तीनशे पंचाहत्तर वर्षे गेली! आमच्याकडील जुन्या धर्मगुरूंच्या झग्याच्या खिशात तपकिरीची डबी असे आणि कोणाला त्यात वावगे दिसत नसे, याचे मग नवल वाटत नाही.

परंतु आमच्या भागातील खरी कहाणी तपकिरीची नव्हे, मिश्रीची आहे. वाचकांपैकी बहुतेकांनी ती घरात पाहिली असेल. जाडी तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग ती चुरून डबीत भरायची आणि पहाटे ओट्यावर बसून बोटाने हिरड्यांना लावायची. नाव दात घासण्याचे. पण दात पडले तरी मिश्री सुटत नाही, यावरून तिचे दाताशी नाते किती ते समजावे. हिरडीतून तिचा अंमल रक्तात जातो. पोट साफ होण्यास ती लावावी लागते, डोके उतरण्यास लावावी लागते, भूक मारण्यासही लावावी लागते. दुष्काळी माण-खटाव भागात या शेवटच्या गुणाचे मोल काय असेल, ते सांगावयास नको.

आता ही सवय म्हातारीची का झाली? ती लागते तरुणपणीच. सासूची मिश्री भाजण्याचे काम सुनेकडे असे, आणि भाजता भाजता, चव पाहता पाहता सून शिकत असे. पण तरुण सुनेला उघडपणे ओट्यावर बसून मिश्री लावण्याची मुभा नव्हती. वय वाढले, घरात सून आली, की ती मुभा मिळाली. म्हणजे मिश्री उघडपणे लावता येणे ही एक बढतीच होती. पुरुषाच्या कमरेच्या चंचीचेही तसेच. वडिलांसमोर मुलगा बार भरीत नसे. चंची उघडून पान, सुपारी, चुना व तंबाखू समोरच्यापुढे ठेवण्याचा मान वडीलधाऱ्याचा. पारावर बसलेला म्हातारा तंबाखू मळू लागला की बोलणे सुरू होई, आणि चिमूट पुढे करणे म्हणजे 'बसा' म्हणणे. जी वस्तू मोठेपणाची खूण म्हणून मिळाली, ती मोठेपणीच टाकून द्या असे सांगणे किती अवघड, हे आपल्या व्यसनमुक्तीच्या फलकांना आजही उमगलेले दिसत नाही.

विधवांच्या बाबतीत याहून खोल गोष्ट आहे. विधवा, संन्यासी आणि ब्रह्मचारी यांना तांबूल वर्ज्य, असे जुन्या धर्मशास्त्रकारांनी सांगून ठेवले होते. तंबाखू त्यांच्या नंतर शेकडो वर्षांनी आली, म्हणून निषेधाच्या यादीत तिचे नाव नव्हते. ज्या बाईचे कुंकू, बांगड्या, रंगीत लुगडे, हळदीकुंकवातला विडा असे सर्व काढून घेतले गेले, तिच्याजवळ मिश्रीची डबी तेवढी राहिली. तिला ती कोणी दिली नव्हती, पण हिरावूनही घेतली नव्हती. आपली कुटुंबे ख्रिस्तसभेत आली तेव्हा पुष्कळ जुन्या रीती पाण्याच्या त्या पलीकडे राहिल्या, डबी मात्र बरोबर आली. एकाकी स्त्रीच्या त्या एवढ्याशा मिरासदारीकडे आम्ही तुच्छतेने पाहू शकत नाही. पण म्हणून तिने केलेले नुकसानही झाकता येत नाही. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे घरोघर जाऊन तपासली आणि त्याचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. तोंडातील पांढरे चट्टे, कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध त्या पाहणीने आपल्याच मातीतील पुराव्याने दाखवला. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातही महाराष्ट्राचे चित्र तेच आहे. धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा चारांच्या आत, आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे शेकडा चोवीसच्या पुढे. आपल्या राज्यातील तंबाखू दिसत नाही, तिचा धूर निघत नाही. ती गालात आणि हिरडीत असते.

अफूविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्या भागात फारशी नव्हती. पण वृद्धत्व आणि व्यसन यांचा संबंध तिच्याइतका उघडपणे कोठे लिहिला गेलेला नाही. चाळिशी उलटल्यावर अफूची बारीक गोळी सांधे धरू देत नाही, खोकला आवरते, अशी समजूत देशभर होती. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे साक्षीदारांमागून साक्षीदारांनी ती बोलून दाखवली, आणि १८९५ च्या अहवालात सरकारने तिचा सोयीस्कर आधार घेतला. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची ही कळकळ चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराच्या फार कामी आली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली ठरले की औषधाव्यतिरिक्त अफूचा वापर १९५९ च्या मार्चअखेर संपवायचा. नोंदणी झालेल्या जुन्या अफूबाजांना वैद्यकीय दाखल्यावर ठरावीक मात्रा मिळत राहिली. नवे नाव चढवायचे नाही आणि जुनी नावे मृत्यूबरोबर गळू द्यायची, असाच त्या व्यवस्थेचा अर्थ होता. तो हिशेब कागदावर बिनचूक दिसतो. त्यात त्या माणसांना बरे करण्याचे कलम कोठे होते, ते आम्हांस दिसत नाही.

दारूच्या इतिहासात सातारा जिल्ह्याचा वाटा अभिमानाचा आहे. मूळचे कटगुणचे घराणे असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांना कडाडून विरोध केला. सरकारचा १८७८ चा अबकारी कायदा तेव्हा नवा होता आणि दुकानागणिक उत्पन्न वाढत होते. १९४३ ते १९४६ या काळात कराड, तासगाव, वाळवा या टापूत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल चालला. त्या पत्री सरकारने गावठी दारूच्या भट्ट्या मोडल्या आणि भट्टीवाल्यांना जबर शिक्षा केल्या. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनांतून दारूवर झोड उठवली. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कराडात महाविद्यालय काढले, त्याला त्यांचेच नाव आहे. पुढे मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर बंदी झाली. मिस्सेच्या द्राक्षारसासाठी कायद्याने सवलत ठेवली होती, हे आपल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

या कायद्याला एक बारीकशी खिडकी होती, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीय दाखल्यावर परवाना मिळे. मुंबई राज्याचा हा वारसा गुजरातने पुढे चालवला. तेथील आरोग्य परवाना चाळिशीनंतरच मिळतो, आणि वयाबरोबर मात्रा चढत जाते. पन्नाशीपर्यंत महिन्याला तीन एकके, पासष्टीपर्यंत चार, त्यापुढे पाच. वैद्यकशास्त्र नेमके याच्या उलट सांगते. उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच पेल्याचा अंमल अधिक चढतो. रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांशी दारूचे पटत नाही. तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. तरीही कायद्याने म्हातारपणाला वाढीव मात्रेचा अधिकार दिला, कारण कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातही तोच घरगुती विचार होता : लागते त्यांना. महाराष्ट्रात साठीच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळी बंधने सैल झाली, १९७३ साली देशी दारूचे नियम आले, आणि ज्या कृष्णाकाठी भट्ट्या मोडल्या होत्या तेथे साखर कारखान्यांच्या मळीला नवी वाट मिळाली.

मात्र कराड-पाटणच्या म्हाताऱ्याच्या हाती पेला आला तो बहुतेकदा गावात नव्हे, गावाबाहेर. या भागातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या तीन वाटांनी बाहेर पडले : गिरणी, गोदी-बाजारातील हमाली आणि पलटण. मुंबईच्या गिरणीत कापसाला आग लागू नये म्हणून विडी ओढण्यास मनाई असे, तेव्हा गालात तंबाखूचा बार धरून पाळी काढायची. बायकामुले गावी, आपण गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांत, जेवण खानावळीत. एकटेपणाचा विसर पडावा असे त्या खोलीत दुसरे होते काय? माथाडींचे तेच. पाटण तालुक्याच्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा पाठीवरच्या ओझ्याला दर मिळाला. पाठीच्या कळेला मात्र रात्रीचा घोट हाच उतारा राहिला. पलटणीत तर रमचा पेला शिस्तीचाच भाग. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांनी घरटी माणूस सैन्याला दिला. दारूबंदी कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली सैन्याला दिलेली सवलत वैध ठरवली. निवृत्त जवानाला कँटीनमधून दारूचा ठरावीक कोटा मिळतो, तो तो अभिमानाने आणतो. त्याच्या दृष्टीने ती बाटली देशसेवेची पावती आहे.

ही माणसे परत आली ती म्हातारी होऊन. काही नियत वेळी आली, तर काही १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अवेळी, हाती हिशेबाचे चार पैसे घेऊन आली. ज्या घरी तीस वर्षे मनिऑर्डर पाठवली, त्या घरात त्यांची स्वतःची जागा ठरलेली नव्हती. शेती भावाने केलेली, मुले आईच्या हाताखाली वाढलेली, पारावरचे सवंगडी निघून गेलेले. आयुष्यभर भोंग्यावर उठलेल्या माणसाला भोंगा नसलेला दिवस खायला उठतो. गावात परतलेल्या गिरणीकामगाराला गावातल्या मुलाने चुलत्यासारखे नव्हे, पाहुण्यासारखे वागवले, ही गोष्ट कोणत्याही आकडेवारीत येत नाही. संध्याकाळचा पेला मात्र तेथूनच सुरू होतो.

आमच्या धर्मग्रामातील अशाच एका वृद्धांचे सांगतो. पत्नी गेल्यावर ते मागच्या खोलीत एकटे राहत. मुलगा पुण्याला, सून व नातू येथे. संध्याकाळी थोडी घेत आणि निजत. घरचे म्हणत, "बाबा कोणाला त्रास देत नाहीत." हे त्यांच्या सद्गुणाचे प्रमाणपत्र होते. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांना पेल्याविषयी कोणी सांगितले नाही. सांगणे म्हणजे बाबांची अब्रू काढणे. एका पहाटे ते न्हाणीत पडले, खुबा मोडला, आणि सात आठवडे अंथरुणावर काढून वारले. बाटली आणून देणारा नातू तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो बाबांची शिकवलेली गोष्ट निष्ठेने करीत होता, आणि त्याला कोणी कधी रागावलेही नव्हते.

असे प्रसंग पाहिले की आम्हांस उत्पत्तीच्या पुस्तकातील नोहा आठवतो. पवित्र शास्त्रातील पहिला मद्यपी तरुण नाही, सहाशे वर्षे उलटलेला पितर आहे. जलप्रलय पाहिलेला, सगेसोयरे आणि सारे जग बुडताना पाहिलेला. तो द्राक्षमळा लावतो, पितो आणि तंबूत उघडा पडतो. हाम त्याची दशा बाहेर सांगतो, शेम आणि याफेथ पाठमोरे चालत जाऊन त्याच्यावर वस्त्र घालतात. शेम-याफेथांचे वागणे योग्यच होते. परंतु त्या तिघांपैकी एकानेही बापाला, तो का प्याला हे विचारल्याचे शास्त्रात नाही. आपली चांगली घराणी शेम-याफेथांची आहेत. ती वस्त्र घालतात, आणि पाठमोरी असल्यामुळे पाहत नाहीत.

आरंभीच्या ख्रिस्तसभेने मात्र पाहिले होते. संत पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, हे वचन आपल्यातील पुष्कळांना तोंडपाठ असते. तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध पुरुषांनी सावध व संयमी असावे आणि वृद्ध स्त्रियांनी मद्याच्या दास होऊ नये असे सांगितले आहे, ते फारसे कोणाच्या स्मरणात नसते. म्हाताऱ्यांना उद्देशून वेगळे सांगण्याची गरज त्या काळी वाटली, यावरून दोन गोष्टी निघतात. प्रश्न तेव्हाही होता, आणि म्हातारी माणसे बदलू शकतात असा विश्वासही होता. तो विश्वास भाबडा नव्हता. ब्रिटनमधील डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षे पाहणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यालाही सुमारे तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभते. 'आता या वयात कशाला' याला हे उत्तर पुरेसे आहे.

महाराष्ट्रात मदतीच्या जागा नाहीत असे नाही. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला 'कृपा' सुरू केली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभे केले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन'चा पाया घातला. बाप मुलाला घेऊन तेथे जातो, बायको नवऱ्याला घेऊन जाते. मुलगा म्हाताऱ्या बापाला घेऊन निघाला आहे, हे दृश्य आमच्या पाहण्यात फार विरळा आले. आईला घेऊन निघालेला तर आम्ही पाहिलाच नाही. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला धर्मगुरू घरी येतात, तेव्हा उशाखालची डबी आधी लपवली जाते. डबी लपवणाऱ्या सुनेचा हेतू आदराचा असतो. परंतु ज्या घरात धर्मगुरू, डॉक्टर आणि मुलगा या तिघांपासूनही ती लपलेली राहते, तेथे त्या म्हातारीशी तिच्या सर्वांत जुन्या सोबतीविषयी बोलणारा कोणी उरत नाही. ती उशी उचलण्याचा अधिकार आपल्या धर्मग्रामात कोणाला आहे? आमच्या मते तो प्रथम भेटीला जाणाऱ्या प्रापंचिकांचा. त्यांच्यापाशी वेळ असतो, आणि म्हातारीच्या शेजारी ओट्यावर बसायला त्यांना संकोच वाटत नाही.

शासनाने २००८ साली गावातील दारूदुकान मतदानाने बंद करण्याची रीत नव्याने घालून दिली, तेव्हा सातारा जिल्ह्याच्या स्त्रियांनी ती जोमाने हाती घेतली. जावळी तालुक्याचे नाव त्यासाठी राज्यभर झाले. आडव्या बाटलीवर शिक्का मारायला सुनांबरोबर सासवाही रांगेत उभ्या राहतात, आणि ऐंशीची म्हातारीही काठी टेकीत जिद्दीने येते. मत देऊन ती घरी परतते, ओट्यावर बसते, कमरेची डबी काढते. शेजारी बसलेल्या नातीला मिश्री संपत आल्याचे सांगते, आणि नात तवा चुलीवर ठेवायला आत जाते.